डेस्कटॉप ते टीव्ही: दहा मीटर केबल आणि गायब होणारे अनुस्वार

४ जून

काम असं आहे: आतल्या खोलीतला डेस्कटॉप हॉलमधल्या ४के टीव्हीला जोडायचा. सिनेमे बघायला नाही, वाचायला. बाबांची नजर आता बारीक अक्षरावर ठरत नाही. जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं, आलेली पत्रं, त्यांची स्वतःची टिपणं हे सगळं त्यांना मोठ्या पडद्यावर हवंय. त्यामुळे अक्षर काठापर्यंत स्वच्छ दिसणं ही पहिली अट. रंग, आवाज वगैरे नंतर.

सामान घरात होतं तेच. लिनक्स असलेला डेस्कटॉप, त्यात एचडीएमआय २.० चं वेगळं ग्राफिक्स कार्ड, आणि भिंतीतल्या पाइपातून आधीच ओढून ठेवलेली १० मीटरची तांब्याची एचडीएमआय केबल.

जोडल्यावर टीव्हीवर "सिग्नल नाही". हे लवकर सुटलं. डेस्कटॉपच्या मागे एचडीएमआयची दोन तोंडं (पोर्ट) असतात, वर मदरबोर्डचं आणि खाली आडव्या पट्टीवर कार्डाचं. वेगळं कार्ड बसवलं की मदरबोर्डचं तोंड बहुधा बंद असतं, आणि हाताला आधी तेच लागतं. केबल कार्डाला लावली आणि चित्र आलं.

आलं, पण १०२४ × ७६८. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मधे चौकोनी चित्र. सेटिंग्जमध्ये याहून मोठा आकार यादीतच नाही. आवाजाच्या यादीतही टीव्हीचं नाव नाही.

५ जून

आजची संध्याकाळ ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलून पाहिला, जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) लावून पाहिला, आवाजाची सर्व्हिस पुन्हा बसवली. काडीचा फरक नाही. हे करणाऱ्याला सांगतो, ड्रायव्हरला हात शेवटी लावा. त्याच्याआधी तपासण्यासारखं बरंच काही आहे आणि ते पाच मिनिटांत होतं.

खरा धागा कालच समोर होता. चित्राचा आकार आणि आवाज, दोन्ही एकाच वेळी गायब. दोन वेगळे बिघाड एकाच दिवशी क्वचितच होतात, म्हणून दोन्हींची मुळं जिथे एकत्र येतात तिथे बघायला हवं. ती जागा म्हणजे ईडीआयडी. टीव्ही कोणते आकार दाखवू शकतो, किती वेगाने, त्याला आवाज चालतो का, हे सगळं एका छोट्या माहितीच्या तुकड्यात टीव्हीतच साठवलेलं असतं. केबल लागली की कॉम्प्युटर ती माहिती वाचतो आणि मगच चित्र पाठवतो. माहिती मिळाली नाही तर तो सावधपणे लहानातलं काहीतरी दाखवतो आणि आवाज पाठवतच नाही.

लिनक्समध्ये हे थेट बघता येतं. सिस्टीमच्या डीआरएम (ग्राफिक्स सांभाळणारा भाग) फोल्डरात प्रत्येक पोर्टाच्या नावाने एक फोल्डर असतो आणि त्यात ईडीआयडीची फाइल. माझ्या पोर्टाची फाइल शून्य बाइटची निघाली. केबल काढून पुन्हा लावली तर एकदा २५६ बाइट आले, पण कर्नलच्या लॉगमध्ये चेकसम चुकल्याची तक्रार. ईडीआयडी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत असतो आणि प्रत्येक ठोकळ्यातल्या सगळ्या बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली पाहिजे. इथे जात नव्हती. म्हणजे टीव्ही सांगत होता, ते वाटेत बिघडत होतं.

६ जून

डेस्कटॉप उचलून टीव्हीशेजारी नेला. जड काम, पण याला पर्याय नाही. दीड मीटरची नवी केबल आणली. खोक्यावर "प्रीमियम हाय स्पीड" आणि पडताळणीचा क्यूआर कोड असलेली मुद्दाम घेतली. केबलवर "२.०" किंवा "४के" छापलेलं असण्याला काही अर्थ नाही. आवृत्तीचा आकडा पोर्टांचा असतो. केबलची प्रमाणित जात पाहायची: प्रीमियम हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ पर्यंत.

जोडण्याआधी दोन्हींचे विजेचे प्लग काढले. टीव्हीला डिशची किंवा अँटेनाची तार असेल तर तीही काढावी. दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर केबल टेकवताना झटका पोर्टाला बसतो, आणि मग शोधायला बिघाडच उरत नाही, नवा पोर्ट लागतो.

छोट्या केबलवर ईडीआयडी पूर्ण २५६ बाइट, बेरीज बरोबर. ४के यादीत आलं, आवाजही आला. भिंतीतली केबल दोषी हे ठरलं. पण ती इतक्यात बदलणार नाही. आधी इथेच, जवळच्या जवळ, चित्र हवं तसं करून घ्यायचं. दोन अडचणी एकत्र सोडवायला गेलं की कोणत्या उपायाने काय झालं ते कळत नाही.

रात्री बाबांना बसवून त्यांचं टिपण उघडलं. त्यात ते महत्त्वाचे शब्द लाल करतात आणि मागे गडद निळा रंग ठेवतात, पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो म्हणून. जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अरे, यातले अनुस्वार कुठे गेले?"

जवळ जाऊन पाहिलं. खरंच गेले होते. "संबंध" मधले दोन्ही टिंब निळ्यात विरघळलेले, वेलांटीची टोकं धुरकट, शिरोरेषेखाली जांभळी झाक. शेजारच्याच पांढऱ्या खिडकीतला काळा मजकूर मात्र बऱ्यापैकी ठीक.

७ जून

कालच्या दृश्यात उत्तर होतं. काळ्या-पांढऱ्याला बाधा नाही, लाल-निळ्याला आहे, म्हणजे रंगाची माहिती कापली जातेय. ४:२:० या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी जाते, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच. सिनेमात हे कोणाच्या लक्षातही येत नाही. निळ्यावरच्या लाल अक्षरात उजेडाचा फरक फारसा नसतो, अक्षर उभं राहतं ते रंगाच्या फरकावर. तोच चौघांत वाटला की दोन ठिपक्यांचा अनुस्वार कसा उरणार?

मग रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो वेग, ६० हर्ट्झवरून ३० वर आणला. अक्षर एकदम कोरीव! अनुस्वार जागच्या जागी. पण माउसचा बाण अडखळत चालतो आणि पान सरकवलं की डोळ्यांना त्रास होतो. ६० वर उलट, सगळं गुळगुळीत पण अक्षर फिसकटलेलं.

हे असं का, ते आकड्यांतून लगेच कळतं. ४के ६० हर्ट्झला पूर्ण रंगासह पाठवायला ५९४ मेगाहर्ट्झचा वेग लागतो. ३० हर्ट्झला त्याच्या निम्मा, २९७. आणि ६० हर्ट्झ पण ४:२:० असेल तरीही २९७. म्हणजे कुठेतरी ३०० च्या आसपास कुंपण होतं आणि कॉम्प्युटर त्यातच दोन्ही प्रकार बसवत होता. जुन्या एचडीएमआय १.४ ची हद्द साधारण तीच. माझं कार्ड २.० चं, टीव्हीही २.० चा. मग १.४ सारखं कोण वागतंय?

आधी वाटेतलं सामान तपासलं. (तुमचा कॉम्प्युटर डिस्प्लेपोर्टातून अडॅप्टर लावून टीव्हीला जात असेल तर इथेच थांबून तो अडॅप्टर बघा. साधे, आत चिप नसलेले अडॅप्टर ४के ला ३० हर्ट्झच्या पुढे जात नाहीत. ६० साठी "अ‍ॅक्टिव्ह" लागतो.) माझ्याकडे अडॅप्टर नव्हताच.

मग ईडीआयडीची फाइल एडिड-डीकोड नावाच्या छोट्या प्रोग्रामातून वाचली. हा प्रोग्राम त्या बाइटांचा माणसाला समजेल असा मजकूर करून देतो. तिथे स्वच्छ लिहिलेलं: कमाल वेग ३०० मेगाहर्ट्झ, आणि ४के ६० हर्ट्झ फक्त ४:२:० मध्ये. म्हणजे टीव्ही स्वतःच कॉम्प्युटरला "माझी एवढीच ताकद" असं सांगत होता.

कारण टीव्हीच्या मेनूत सापडलं. जुन्या उपकरणांची अडचण होऊ नये म्हणून अनेक ४के टीव्ही आपले पोर्ट सुरुवातीला कमी ताकदीवर ठेवतात, आणि प्रत्येक पोर्टाचं बटण वेगळं असतं. नावं कंपनीगणिक बदलतात. एलजीत "अल्ट्रा एचडी डीप कलर", सॅमसंगमध्ये "यूएचडी कलर" किंवा "इनपुट सिग्नल प्लस", सोनीत "एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट" मध्ये जाऊन "एन्हान्स्ड". चित्राच्या सेटिंग्जमध्ये शोधून मिळालं नाही तर इनपुट किंवा बाह्य उपकरणांच्या विभागात बघा. आमच्या टीव्हीत ते तिथेच खोलवर होतं.

बटण चालू केल्यावर पडदा क्षणभर काळा झाला, परत आला. पुन्हा ईडीआयडी वाचला: कमाल ६०० मेगाहर्ट्झ. तोच टीव्ही, तीच केबल, उत्तर वेगळं. ही फाइल जपून ठेवली.

८ जून

४के, ६० हर्ट्झ, कॉम्प्युटर म्हणतो पूर्ण रंग जातोय. तरीही लाल अनुस्वाराला झाक आहे. कालच्यापेक्षा कमी, पण आहे.

आता संशय टीव्हीच्या आतल्या प्रक्रियेवर. येणारं चित्र टीव्ही आहे तसं दाखवत नाही. धूसरपणा काढतो, कडा ठळक करतो, हालचाल गुळगुळीत करतो, आणि या सगळ्यात रंग स्वतःच कापतो. अनेक टीव्हींमध्ये इनपुटचं चिन्ह किंवा नाव बदलून "पीसी" केलं की ही साखळी बंद होते. यादीतलं "पीसी" च निवडायचं. आपल्या मनाने काहीही टाइप केलं तर उपयोग होईलच असं नाही. ते केलं आणि झाक गेली. बाबांनी "संबंध", "संपूर्ण", "अंक" असे शब्द मोठ्याने वाचून खात्री केली.

त्याच बैठकीत बाकीचंही उरकलं. वरची पट्टी आणि खालचं घड्याळ अर्धं पडद्याबाहेर जात होतं. हे ओव्हरस्कॅन. जुन्या काचेच्या टीव्हींमध्ये कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा झाकत असत, आणि ती सवय चपट्या टीव्हींमध्येही राहिली. मेनूत "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट", "फुल पिक्सेल" अशा नावाने ते बंद होतं. कॉम्प्युटरच्या बाजूने चित्र आकसून हे दुरुस्त करू नका. कडा दिसतात खऱ्या, पण प्रत्येक ठिपका शेजारच्यात मिसळतो आणि अक्षराची धार कायमची जाते.

शार्पनेस टीव्हीत कमी करत अशा जागी आणला, जिथे काळ्या अक्षराभोवतीची पांढरी कड नाहीशी झाली. अनेक टीव्हींत ती जागा शून्याला किंवा शून्याजवळ असते.

काळा रंग राखाडी दिसत होता. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे रंग १६ ते २३५ या आकड्यांत पाठवत होता आणि टीव्ही ० ते २५५ धरून बसला होता. दोन्हीकडे "फुल" केलं. उलटी गफलत असती तर गडद भागातले तपशील काळ्यात बुडाले असते. स्कॅन केलेल्या जुन्या पानांत शाईचे फिकट डाग असतात, ते दिसतात का यावरून मी हे पारखलं. कुठल्याही चाचणी-चित्रापेक्षा ते सोयीचं पडलं.

११ जून

आता भिंतीतली केबल. बदलणं खर्चाचं आणि कटकटीचं, म्हणून आधी एक युक्ती करून पाहिली. जपून ठेवलेली ईडीआयडीची फाइल बूट होतानाच (कॉम्प्युटर सुरू होतानाच) वाचायला लिनक्सच्या कर्नलला सांगता येतं. मग टीव्हीला विचारायची गरजच नाही. लांब केबल बिघडलेलं उत्तर देते ना, मग उत्तर आधीच जवळ ठेवू.

डेस्कटॉप परत आतल्या खोलीत. १०८० ला (१९२० × १०८० आकाराला) ६० हर्ट्झवर चित्र उत्तम, आवाजही आला. तेवढ्यावर ज्याचं भागतं त्याने खुशाल इथे थांबावं, एक नवा पैसा न घालता काम झालं. ४के ३० हर्ट्झला मात्र गडद भागात पांढरे ठिपके चमकायला लागले. हे चमचमणं म्हणजे केबलमध्ये बिट गळतायत. आणि ४के ६० हर्ट्झला पडदा पूर्ण काळा. ठिपके नाहीत, फाटलेलं चित्र नाही, काहीच नाही.

हा "काहीच नाही" मला विचित्र वाटला. केबल नुसती कमकुवत असेल तर चित्र आधी चमचमेल, मग तुटक येईल. एकदम सपाट काळं का? तीच साठवलेली फाइल ठेवून छोट्या केबलवर पाहिलं तर ४के ६० लख्ख. म्हणजे फाइलमध्ये दोष नाही.

एचडीएमआय २.० चा नियम आठवल्यावर उलगडा झाला. वेग ३४० मेगाहर्ट्झच्या वर गेला की बिट एका ठरलेल्या रीतीने विस्कटून पाठवावे लागतात, आणि तसं पाठवतोय हे कॉम्प्युटरला टीव्हीला आधी कळवावं लागतं. तो निरोप ज्या तारांवरून ईडीआयडी येतो त्याच दोन बारीक तारांवरून जातो, १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून. माझ्या केबलमध्ये त्याच तारा आजारी. कॉम्प्युटर विस्कटून पाठवतोय, टीव्हीला ते कोणी सांगितलेलंच नाही. जवळ ठेवलेल्या फाइलमुळे कॉम्प्युटरचं समाधान झालं होतं, टीव्हीपर्यंत मात्र निरोप पोहोचत नव्हता.

तेव्हा इथून पुढे कॉम्प्युटरमध्ये काही करण्यासारखं राहिलं नाही. केबल बदलायचीच.

१५ जून

ऑप्टिकल एचडीएमआय केबल आणली. या सगळ्या कामातला मोठा खर्च हाच, तांब्याच्या केबलच्या कितीतरी पट. चित्राचा वेगवान भाग काचतंतूतून प्रकाशाने जातो. मी आणलेल्या प्रकारात बारीक तारांसाठी तांबंच आहे, सोबत दोन्ही टोकांना सिग्नल सावरणाऱ्या चिप. तिला दिशा असते. एका टोकावर "सोर्स", दुसऱ्यावर "डिस्प्ले" छापलेलं असतं, आणि उलट लावली तर काहीच दिसत नाही. पाइपात गेल्यावर हे कळून उपयोग नाही, म्हणून दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावली.

पाइपात घालण्याआधी ती जमिनीवर पसरून, जोडून, तासभर चालवली. ईडीआयडी पूर्ण, ४के ६० पूर्ण रंगात, आवाज आहे, गडद पानावर एकही ठिपका चमकत नाही. तोवर जुन्या केबलला हात लावला नाही, कारण ओढायला दोरी म्हणून तीच वापरायची होती आणि त्यासाठी तिचं टोक कापावं लागणार होतं.

ओढण्याचं काम: जुन्या केबलचं हॉलकडचं टोक कापलं आणि तिच्या आवरणाला मजबूत नायलॉनचा दोरा बांधला. दोऱ्याचं दुसरं टोक नव्या केबलच्या प्लगच्या मागे, आवरणावर. प्लगला अजिबात बांधायचं नाही. ताण प्लगवर आला तर आतला काचतंतू तुटतो आणि बाहेरून काही कळतही नाही. प्लगवर टोपी घालून वरून टेप असा गुंडाळला की पुढे निमुळता होईल. बाबा हॉलमधून केबल सोडत होते, मी आतल्या खोलीतून ओढत होतो, पायजम्यात नाडी ओवावी तसं थोडं थोडं. कोपऱ्यातल्या वळणावर अडकलं. जोर न करता बाबांना हातभर मागे घ्यायला सांगितलं, केबल थोडी पिळली, पाइपात टाल्कम पावडर सोडली, आणि ती सुटली. वळणावर केबल दुमडू द्यायची नाही, गोलाईच ठेवायची. खोक्यावर किमान गोलाई लिहिलेली असते, ती आधी वाचा.

जोडली. जमिनीवर दिसलं तसंच चित्र भिंतीतूनही दिसलं.

१९ जून

वापर सुरू झाल्यावर नवीन तक्रार. टीव्ही रिमोटने बंद करून पुन्हा लावला की कधीकधी चित्र १०८० वर येतं, कधी येतच नाही. टीव्ही बंद झाला की १९ नंबरच्या पिनेवरचा "मी इथे आहे" हा इशारा जातो, कॉम्प्युटर टीव्ही निघून गेला असं समजतो, आणि परत आल्यावर घाईत अर्धवट ईडीआयडी वाचतो. ११ तारखेची युक्ती इथे कामी आली. साठवलेली फाइल पुन्हा बूटमध्ये लावली आणि आकाराचा गोंधळ थांबला. सोबत छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा बारीक प्रोग्राम) लिहिली, जी टीव्ही परत दिसला की काही सेकंद थांबून ४के ६० पुन्हा लागू करते. ते थांबणं गरजेचं आहे. लगेच लागू केलं तर टीव्ही अजून जागा होत असतो.

टीव्हीच्या रिमोटने कॉम्प्युटर जागा होत नाही. त्यासाठी लागणारा सीईसीचा धागा केबलमध्ये असतो, पण कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डांमध्ये ती सोय सहसा नसते. यावर वेळ घालवला नाही. बाबांच्या खुर्चीशेजारी बिनतारी कीबोर्ड ठेवलाय, त्याच्या कोणत्याही बटणाने कॉम्प्युटर उठतो.

एक गोष्ट माझ्या बाबतीत आली नाही पण शेजारच्याच्या टीव्हीवर पाहिली: डेस्कटॉप छान दिसतो, फक्त पैसे भरून बघायचे सिनेमे काळे येतात. तिथे केबलमागे लागू नका. तो एचडीसीपी या नक्कल रोखणाऱ्या कुलपाचा प्रश्न असतो. ४के सिनेमांना सहसा त्याची २.२ आवृत्ती लागते आणि मधे जुना स्विच किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो अडवतो.

२६ जून

आठवडाभर चाललंय. डेस्कटॉपवर अक्षराचं प्रमाण २५० टक्के ठेवलंय, बाबांच्या खुर्चीपासून ते बरोबर पडतं. मधे टीव्हीने रात्रीत आपलं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि सकाळी ४के वर काळा पडदा. पोर्टाचं बटण परत मूळ जागी गेलं होतं. कॉम्प्युटर साठवलेल्या फाइलवर भरवसा ठेवून ६०० मेगाहर्ट्झ धरून पाठवत होता आणि टीव्ही ३०० वर उतरलेला. फाइल वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बटण चालू केलं, चित्र आलं. मेनूतली ती वाट, "पीसी" नाव आणि शार्पनेसचा आकडा कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवलाय.